भावोजींची तीन नेटवर्क कार्डं

माझ्या ताईचा नवरा वजनमापं तपासणारा अधिकारी होता. नोकरी असेपर्यंत रोज सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात जायचं, दुकानदारांचे काटे उलटेसुलटे करून बघायचे, मापाच्या बुडाला बोटाने ठोकायचं आणि संध्याकाळी कोणाला ना कोणाला चोर ठरवून घरी यायचं, हे त्यांचं काम. ते त्यांच्या स्वभावाला असं काही बसलं होतं की नोकरीसाठी स्वभाव केला की स्वभावासाठी नोकरी शोधली, ते आम्हाला कधी कळलं नाही. समोरचा लबाड आहे आणि आपण ते आता दाखवून देणार आहोत, अशा नजरेने ते सगळ्यांकडे बघायचे. ताईला बघायला आले तेव्हा मी पाणी घेऊन गेले होते. माझ्याकडेही तसंच बघितलं. ग्लास भरलेला आहे की नाही ते आधी बघितलं.

निवृत्त झाल्यावर ती नजर घरात आली. दुधाची पिशवी काट्यावर चढायला लागली. भिंतीवरचं घड्याळ रेडिओच्या घड्याळापेक्षा पुढे आहे की मागे, यावर सकाळ जायची. ताई बिचारी गप्प राहून डाळ निवडत बसायची, तर तिच्या निवडण्यातही त्यांना खडे सापडायचे. मग त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी शिवणकाम करते, म्हणून उरलेल्या पडद्याच्या कापडाचं त्याला कव्हर शिवून दिलं. भावोजींनी ते चढवून बघितलं आणि म्हणाले, "डाव्या बाजूला एक बोट जास्त आहे."

कॉम्प्युटर झोपायच्या खोलीत, खिडकीजवळ ठेवला. त्यासाठी ताईचं कपड्यांचं कपाट दाराच्या मागे गेलं, आणि तेव्हापासून त्या खोलीचं दार अर्धंच उघडतं. मशीनला हात लावायचा हक्क एकट्या भावोजींचा. फक्त रविवारी सकाळी ती ताईची असायची.

त्याचं कारण असं. ताईला एका कानाने ऐकू येत नाही, आणि दुसऱ्याने येतं ते अर्धवट. समोरच्याचे ओठ दिसले तर ती बोलणं बरोबर पकडते, न दिसले तर गोंधळते. फोनवर तिला काही कळत नाही. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर चेहरा दिसतो, पण तिच्या चष्म्याला ओठ दिसत नाहीत. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, लग्न होऊन परदेशात असते. तिला एक लेक आहे, नुकती बोलायला लागलेली. रविवारी भाची कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर यायची, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ बसायची, सावकाश बोलायची. ताई कानावर हेडफोन चढवून, नाक पडद्याला लागेल इतकी पुढे वाकून आठवड्याचं सगळं ऐकून घ्यायची. नातीला नवीन शब्द आला की ती तो ओठांवरून वाचायची आणि दिवसभर स्वतःशी पुटपुटायची.

भावोजीही यायचे मधे. नात हात पुढे करून काहीतरी दाखवत असायची, आणि हे म्हणायचे, "चित्र अडकतंय. तिकडचा स्पीड कमी आहे." एवढं बोलून जायचे. आजोबा म्हणून त्यांचं काम तिथे संपायचं.

एका रविवारी चित्रच आलं नाही. खरं कारण इतकं साधं होतं की सांगताना लाज वाटते. रस्त्यात कुठेतरी खोदकाम चाललं होतं, तिथे तार तुटली आणि सगळ्या इमारतीचं नेट गेलं. वरच्या मजल्यावरचे लोक पेपर वाचत बसले, खालचे फिरायला गेले, आणि दुपारनंतर सगळ्यांकडे नेट आलं. भावोजी मात्र सकाळीच खुर्ची ओढून मशीनसमोर बसले. पुढे त्यांनी काय काय केलं ते मला कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी नंतर समजावून सांगितलं, म्हणून मी इतक्या ठामपणे सांगते. नाहीतर माझा आणि त्या यंत्राचा संबंध कव्हरापुरता.

मशीनमध्ये एक जागा असते, डिव्हाइस मॅनेजर म्हणतात. आत काय काय भाग बसवलेत त्यांची नावं तिथे दिसतात. भावोजींनी ती जागा शोधली आणि नेटवर्क कार्डांची नावं उघडली. नेटवर्क कार्ड म्हणजे ज्या भागात नेटची केबल खुपसतात तो भाग. भावोजींच्या मशीनला असा भाग एकच. पण तिथे नावं निघाली सात-आठ. त्यातलं एक खऱ्या कार्डाचं. बाकीची मशीनने स्वतःच्या सोयीसाठी मांडलेली नुसती नावं, कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"ही कोण मंडळी?" भावोजी पडद्याला म्हणाले. ताई मागे हेडफोन घालून तयार बसली होती, तिला वाटलं भाची आली.

"मी एक कार्ड घेतलं. इथे आठ बसलीत," भावोजी तिच्याकडे वळून म्हणाले. "म्हणून नेट पुरत नाही."

आणि त्यांनी एकेकाला हाकलायला सुरुवात केली. नाव निवडायचं, काढून टाकायचं. शेवटी उरलं ते खरं कार्ड. त्याच्या नावात कुठल्याशा कंपनीचं नाव होतं, जे भावोजींच्या ओळखीचं नव्हतं. या कंपनीचं आपण काही घेतलेलं नाही, असं म्हणून त्यांनी तेही बंद करून टाकलं. दुपारी नेट आलं तेव्हा सगळ्या इमारतीत ते घ्यायला जागा नव्हती ती फक्त भावोजींच्या मशीनमध्ये.

दुसऱ्या दिवशी हाकललेली नावं परत आपापल्या जागी हजर. मशीन सुरू झाली की ती येऊन बसतात, त्यांचा स्वभावच तो. भावोजींनी पुन्हा काढली. मग हा रोजचा नेम झाला. चहा, दाढी, आणि नावं हाकलणं.

चार घरी विचारून त्यांना कळलं की नेट सगळ्यांकडे आहे. मग त्यांनी निदान केलं, कार्ड जळलं. चौकापलीकडे कॉम्प्युटरचं एक दुकान आहे, एक बाई एकटीच चालवतात. भावोजी तिथून नवीन कार्ड घेऊन आले. बाईंनी देताना सांगितलं होतं, "काका, आधी जुन्यातच केबल नीट लावून बघा. कार्डं अशी सहसा जात नाहीत." भावोजी हसले. दुकानदार स्वतःचा माल घेऊ नका म्हणतोय, म्हणजे माल खोटा असणार, असं त्यांच्या मनात आलं. पण सिद्ध करण्यासाठी म्हणून घेतला.

मशीनचं झाकण उघडून, पलंगावर स्क्रू मांडून त्यांनी कार्ड बसवलं. बसवलं बरोबर, हे मान्य करायला हवं. हात त्यांचा कधीच वाईट नव्हता. आता मशीनच्या पाठीला केबलची दोन भोकं झाली, वरचं जुनं आणि खालचं नवीन. केबल त्यांनी खालच्यात लावली. पडद्यावर बघतात तर दोन्ही कार्डांचं नाव एकच. कंपनी तीच निघाली. फरक इतकाच की एकाच्या पुढे दोनचा आकडा. आता ज्याला साधी मोजदाद येते तो म्हणेल, नंतर आलेलं ते दुसरं. भावोजी म्हणाले, "नवीन म्हणजे पहिल्या नंबरचं. दोन नंबरचं ते जुनं, खराब." आणि त्यांनी नवीन कार्ड बंद केलं, जुनं चालू केलं. केबल नव्यात, चालू जुनं.

मशीनने इमानदारीत सांगितलं, केबल जोडलेली नाही.

यावर भावोजी जे चिडले त्याला तोड नाही. मी त्या दिवशी त्यांच्याकडे गेले होते, ताईचे ब्लाउज द्यायला. खोलीत शिरले तर हे केबल हातात धरून पडद्यापुढे नाचवतायत. "ही काय आहे? ही काय आहे मग?" पडद्यावर तेच वाक्य. त्यांनी केबल परत लावली, काढली, लावली. मग नवी केबल आणली. मग त्याहून लांब केबल आणली, ती दारातून दोन वळसे घेऊन यायची आणि ताईच्या पायात अडकायची. मशीनचं आपलं एकच, केबल जोडलेली नाही.

"भावोजी, दुसऱ्या भोकात लावून बघा ना," मी म्हटलं. मला काही कळत होतं म्हणून नाही. शिवणयंत्राचा दोरा एका बाजूने गेला नाही तर आपण दुसऱ्या बाजूने ओवून बघतो, तेवढ्यावरून.

"तुझं टाके घालायचं काम नाही हे," ते म्हणाले.

मी ब्लाउज पलंगावर, स्क्रूंच्या शेजारी ठेवले आणि निघाले.

नंतर नेटच्या कंपनीचा माणूस आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप काढला, तीच केबल त्याला लावली, नेट सुरू. "लाइन ठीक आहे काका. तुमच्या मशीनमध्ये असेल काहीतरी. बघू का?"

"मशीनला हात लावायचा नाही," भावोजी म्हणाले. "आणि हा लॅपटॉप तुझा. तो चालतोय म्हणून मी लाइन चांगली म्हणायची? दुकानदाराने स्वतःच्या काट्यावर स्वतःचं माप मोजून दाखवलं तर मी शिक्का मारत होतो का?"

त्या माणसाला शिक्क्याचं काही समजलं नाही. त्याने सही मागितली, ती मिळाली नाही, आणि तो गेला. भावोजी गॅलरीतून तो फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिले, काही उचलून तर नेत नाही ना म्हणून.

मग तिसरं कार्ड आलं. हे बोटाएवढं, बाहेरून खोचायचं, बिनतारी. ते बिचारं लगेच चालू झालं आणि भावोजींच्याच राउटरचं नाव दाखवून पासवर्ड मागायला लागलं. राउटरचा पासवर्ड भावोजींनीच बदलला होता, कोणी चोरू नये म्हणून. कोणाला सापडू नये म्हणून तो कुठे लिहूनही ठेवला नव्हता. आता तो त्यांनाही सापडेना. त्यांच्या आयुष्यातला हा एकमेव पक्का बंदोबस्त म्हणायचा. शेजाऱ्याचंही नाव त्या यादीत दिसत होतं. तर भावोजींनी शेजाऱ्याला जाऊन विचारलं, "तुमचं नेट माझ्या घरात काय करतंय?"

या सगळ्यात रविवारामागून रविवार चालले होते. ताई सकाळी केस विंचरून, चांगली साडी नेसून हेडफोन मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसायची. पुढे खुर्चीत भावोजींची पाठ. तासाभराने उठून साडी बदलायची. भाची फोन करायची, ताई तो कानाला लावून "हो, हो, बरं" म्हणायची. एकदा भाचीने मला फोन केला. "मावशी, आई ठीक आहे ना? मी तिला सांगितलं पोरीला ताप आहे, तर ती म्हणाली, वा, छान." मी ताईला लिहून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

मी भावोजींना स्पष्ट म्हटलं, "वरच्यांच्या कॉम्प्युटरवर बसू द्या तिला रविवारपुरतं. ते कधीपासून म्हणतायत."

"घरात मशीन असताना लोकांच्या दारात जायचं? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतात ते मी ऐकलेलं होतं. खालच्या मजल्यावरचे तर त्यांना नेटाधिपती म्हणायचे. पण ताईने मला डोळ्यांनी गप्प केलं. तिचं हे नेहमीचं. तिच्या जागी मी असते तर ती लांब केबल मी दुसऱ्याच कामाला वापरली असती.

पुढे एकदा ताईला कान तपासायला न्यायचं होतं. मी बरोबर गेले. दवाखाना चौकाजवळच, म्हणून भावोजीही आले, त्यांना दुकानात जायचं होतं. आता हे चौथं कार्ड घेणार होते. दवाखान्यातून निघून आम्ही तिघं दुकानात गेलो. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खोकी, काउंटरवर उघडून ठेवलेल्या मशीन, आणि शेवटी एक चालू कॉम्प्युटर, गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवलेला. चांगला हातभर पडदा.

भावोजी खोक्यांवरची अक्षरं वाचायला लागले. मी बाईंना हळूच सगळं सांगितलं. त्यांनी त्या पडद्यासमोरचं स्टूल पुढे ओढलं आणि ताईला खुणेने म्हणाल्या, बसा. मी माझ्या फोनवरून भाचीला निरोप टाकला. ती घरीच होती. थोड्या वेळात तो भला मोठा पडदा भाचीच्या चेहऱ्याने भरला. बाईंनी ताईच्या कानावर जाड हेडफोन चढवले.

ताईने आधी पडद्यावर हात ठेवला. मग बोलायला लागली. हेडफोन घातले की तिला स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे ती जे बोलते ते मोठ्याने. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती वळून बघायला लागली. तापाचं झालं, नातीचं झालं, नात कॅमेरा चाटून गेली. भावोजी खोकं हातात घेऊन ताईच्या मागे येऊन उभे राहिले. चित्र अडकत नव्हतं, म्हणून त्यांना बोलायला काही नव्हतं.

मग भाचीने विचारलं असावं की घरच्या मशीनला एवढं काय झालंय.

"मशीनला काही नाही गं झालेलं," ताई सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली. "मशीन चांगली होती. तिला तुझे बाबा झालेत."

एक गिऱ्हाईक खोकलं. बाईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि काहीही न करता परत ठेवला.

"तीन कार्डं झाली त्यांची," ताई पुढे बोलतच होती. "चौथं घ्यायला आलेत. जन्मभर लोकांची मापं खोटी म्हणत फिरले. स्वतःच्या घरात एक तार कुठल्या भोकात आहे ते बघता येत नाही. आणि हे मी संसार म्हणून सांभाळते. मला तू दिसली नाहीस किती दिवस. त्यांना त्याचं काही नाही. त्यांना फक्त ती खुर्ची पाहिजे." मग थोडं थांबून, "नाही, त्यांना नको सांगूस. मला भांडायचं नाही."

भावोजी मागेच उभे होते. मी त्यांना एवढी वर्षं ओळखते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही, असं पहिल्यांदा बघितलं. त्यांनी हातातलं खोकं जागेवर नेऊन ठेवलं, नीट, कडेला कड लावून. बाईंकडे आले.

"ते तुम्ही काय म्हणाला होतात, जुन्याचं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

बाई चांगल्या. त्यांनी चेहरा सरळ ठेवला. "बाहेरचं ते छोटं काढून टाका. नेटवर्कची खिडकी उघडी ठेवा आणि केबल एका भोकातून काढून दुसऱ्यात लावा. ज्या नावावरची लाल फुली जाईल ते तुमचं चालू कार्ड. दुसऱ्याकडे बघूच नका. आणि बाकीची नावं असू द्या, ती कोणाचं काही खात नाहीत."

घरी आल्यावर भावोजी शर्टही न बदलता मशीनपाशी गेले. मी मुद्दाम थांबले. अशी संधी कोण सोडतं? त्यांनी बोटाएवढं कार्ड काढलं. मग मशीन भिंतीपासून ओढून तिच्या मागे गुडघ्यावर बसले. केबल खालच्या भोकातून काढली. पडद्यावर काही हललं नाही. वरच्या भोकात लावली. टक् असा बारीक आवाज झाला, भोकाशेजारी हिरवा दिवा लागला, आणि पडद्यावरची फुली गेली. एवढंच. एवढ्यासाठी माझ्या ताईचे दोन महिने गेले होते.

मला वाटलं आता भावोजी चूक कबूल करतील. उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, "ते नवीन कार्डच खराब दिलं होतं. मी म्हणतच होतो."

मी कपाळाला हात लावला आणि घरी गेले.

पण पुढच्या रविवारी ताई पडद्यासमोर बसली तेव्हा ते खोलीत आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आता रविवारी सकाळी मशीन तिची, आणि ती हेडफोन काढेपर्यंत भावोजी बाहेर पेपर धरून बसतात. कोणी तसं ठरवलेलं नाही.

मी ताईला एकदा म्हटलं, "त्या दिवशी दुकानात ते तुझ्या मागेच उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. तुला सांगायचं राहिलं." तेव्हा ती नातीच्या झबल्याला बटण लावत होती.

"माझे कान गेलेत," ती म्हणाली. "डोळे नाहीत गेले. त्या पडद्याच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत आपण स्वतः दिसतो ना, तिथे माझ्या खांद्यामागे ते दिसत होते. खोकं घेऊन."

मला वाटायचं गरीब गाय ती, आणि मी तिची बाजू घेणारी शहाणी. तिने दोरा दाताने तोडला आणि दुसरं बटण घेतलं.

भावोजी सुधारले, असं कोणी समजू नये. उलट आता ते नेटवर्क कार्डांचे जाणकार झालेत. इमारतीत कोणाचं नेट गेलं की न बोलावता जातात. खालच्या नेटाधिपती म्हणणाऱ्यांच्या मशीनमध्ये त्यांनी परवाच दोन नावं बंद केली, त्यातलं एक खरं निघालं. मी दुकानाच्या बाईंना म्हटलं, तुम्ही तरी त्यांना समजवा. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. ते येऊन गेले की लोक माझ्याकडे येतात." उरलेली दोन कार्डं भावोजींनी फडक्यात गुंडाळून ताईच्या कपाटात ठेवली आहेत, कधी तरी लागतील म्हणून. ताईने ती साड्यांच्या खालून काढून खिडकीच्या गजाजवळ ठेवली. तिथे त्यांच्यावर धूळ बसते, आणि दर रविवारी बोलणं झालं की ती हेडफोन त्यांच्यावरच ठेवते.